पिंपळाच्या पानाचा जमाखर्च

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर मोरीच्या पाइपाशेजारी भिंतीला चीर पडलेली असते आणि त्या चिरेतून पिंपळाचे रोपटे बाहेर डोकावत असते. हे दृश्य आपल्यापैकी कोणी पाहिले नाही? तेथे धड माती नाही, खत नाही, पाणी घालणारा कोणी नाही. पाखराच्या विष्ठेतून पडलेले एक बी, चिमूटभर धूळ आणि पाइपातून झिरपणारा ओलावा, एवढेच काय ते भांडवल. तरीही ते रोपटे हातभर वाढते आणि दुर्लक्ष झाले तर भिंत फोडते. मग प्रश्न असा, की या झाडाने खाल्ले तरी काय? खोड, फांद्या, पाने हे सगळे वजन आले कोठून?

पिंपळाबद्दल आपल्या घरांत दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. जुनी माणसे सांगतात, त्यावर मुंजा राहतो, रात्री तिकडे फिरकू नका. नवी माणसे मोबाइलवर आलेला निरोप वाचून दाखवतात, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो. आणि शाळेत जाणारी मुले प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ म्हणून दाखवतात. हे तिन्ही आवाज एकाच घरात सुखाने नांदतात, कारण प्रत्यक्ष पान हातात घेऊन ते काय करते हे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. कचेरीत आमचा दिवस जमा आणि खर्चाच्या रकान्यांत जातो. त्यामुळे पानाकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो. सांगायला आनंद वाटतो, की पान हे हिशेबाला अत्यंत पक्के आहे.

मातीतून नव्हे, हवेतून

झाड माती खाऊन वाढते, असा पूर्वी समज होता. आजच्या बेल्जियममधील फान हेल्मोंट या गृहस्थाने तो तपासून पाहिला. कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून भरली, त्यात अडीच किलोहूनही कमी वजनाचे विलो जातीचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले सुमारे ७७ किलो, आणि माती कमी झाली होती जेमतेम ५७ ग्रॅम. हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला. सगळे वजन पाण्यातूनच आले, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच खरा होता. हिशेबातली दुसरी मोठी रक्कम हवेतून जमा होत होती, आणि ती डोळ्यांना दिसत नव्हती.

ती रक्कम म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. पान हा वायू हवेतून घेते, मुळांकडून आलेले पाणी घेते आणि उन्हाच्या शक्तीवर या दोहोंपासून साखर तयार करते. हे काम करता करता पाण्याचे विघटन होते आणि त्यातील ऑक्सिजन बाहेर पडतो. तयार झालेल्या साखरेतूनच पुढे लाकूड, साल, फळ, बी हे सर्व घडते. आपली भाकरी, डाळ, तेल हीसुद्धा कोणत्या ना कोणत्या पानाने उन्हात केलेली कमाई होय. मांस-मासळी खाणाऱ्यानेही हेच लक्षात ठेवावे. बोकडाने पाला खाल्ला, तेव्हा ते मांस तयार झाले.

रुंद का आणि पातळ का?

आता पिंपळाचे एक पान तोडून तळहातावर ठेवा. पहिली गोष्ट दिसते ती त्याची रुंदी. ऊन हा आकाशातून पडणारा माल आहे. तो गोळा करायचा तर मोठे सूप पाहिजे. म्हणून पान पसरट.

दुसरी गोष्ट त्याचा पातळपणा. बहुतेक पाने अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतात. याचे कारण हवेत आहे. हवेच्या १०,००० भागांत कार्बन डायऑक्साइड असतो केवळ ४ भागांच्या आसपास. इतका विरळ माल जाड गठ्ठ्याच्या पोटापर्यंत पोहोचणार कसा? शिवाय हा वायू हवेत जितक्या लवकर पसरतो, त्याच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे दहा हजारपट हळू पसरतो. म्हणून पानाने दोन उपाय केले. एक, स्वतःला पातळ ठेवले. दुसरा, आत मोकळी जागा सोडली.

पान आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर हे स्पष्ट दिसते. वरच्या बाजूस मेणचट, चकचकीत, पारदर्शक आवरण असते. ते पाणी उडू देत नाही, पण ऊन आत सोडते. त्याच्या लगत उभ्या, लांबट पेशी दाटीने उभ्या असतात, जणू सकाळच्या लोकलमध्ये दारापाशी उभे असलेले प्रवासी. ऊन प्रथम तेथे पडते, म्हणून हिरवा माल तेथेच जास्त भरलेला असतो. त्याखालच्या पेशी मात्र विरळ, वेड्यावाकड्या, मध्ये मध्ये हवेच्या पोकळ्या असलेल्या. स्पंजासारख्या त्या जागेतून वायू खेळत राहतो. पानाची वरची बाजू गर्द आणि खालची फिकट दिसते, ती या मांडणीमुळेच.

या पेशींत हरितलवके नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी. त्यांत हरितद्रव्य असते. ते उन्हातील तांबडा आणि निळा प्रकाश मुख्यतः शोषते आणि हिरवा त्यामानाने कमी. हा उरलेला हिरवा प्रकाश परत आपल्या डोळ्यांकडे येतो, म्हणून पान हिरवे दिसते.

वहीतले जाळीचे पान

आपली मुले पिंपळाचे पान कुजवून त्याची जाळी वहीत जपून ठेवतात. काही हौशी मंडळी त्यावर चित्रही काढतात. ही जाळी म्हणजे पानाची नळयोजना आहे. मधली जाड शीर म्हणजे मुख्य पाइप. तिच्यातून फुटलेल्या बाजूच्या शिरा, त्यांतून आणखी बारीक, शेवटी केसाहून बारीक. त्यामुळे पानातील कोणतीही पेशी नळापासून फार लांब राहत नाही. मोठ्या माणसाच्या बंगल्यात भरपूर पाणी आणि शेवटच्या गल्लीत कोरडा नळ, असा प्रकार पानात नाही. शिरांमधील जलवाहिन्या पाणी आणून देतात आणि शेजारच्या रसवाहिन्या तयार साखर खोडाकडे, मुळांकडे, फळांकडे घेऊन जातात. शिवाय हीच जाळी छत्रीच्या काड्यांप्रमाणे पातळ पानाला ताठ धरून ठेवते.

पिंपळाच्या पानाला लांब शेपटीसारखे टोक असते. पावसाचे पाणी त्या टोकावरून निथळून जाते. देठही लांब आणि बारीक असतो. त्यामुळे इतर झाडे स्तब्ध असताना जराशा झुळकीनेही पिंपळाचे पान हलते आणि पाने एकमेकांवर आपटून सळसळ होते. रात्री रहदारी थांबली, की ती सळसळ पाऊस पडल्यासारखी ऐकू येते. मुंजा म्हणून ज्याला आपल्या आज्या-पणज्या भ्यायल्या, तो हा देठ! त्या भीतीपायी किती बाया-माणसे आजारी पोर घेऊन डॉक्टरकडे जाण्याऐवजी भगताकडे गेली असतील, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

पानाची दारे आणि पाण्याचा खर्च

आता खर्चाची बाजू पाहू. वायू आत घ्यायचा तर आवरणाला दारे पाहिजेत. ही दारे म्हणजे पर्णरंध्रे. पिंपळ-वडासारख्या वृक्षांत ती बहुतांशी पानाच्या खालच्या बाजूस, सावलीत असतात. पुष्कळ झाडांच्या पानावर एका चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही लहान जागेत, शंभर ते तीनशे रंध्रे असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंस घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन रक्षक पेशी. त्या पाण्याने फुगल्या की दार उघडते, सैल पडल्या की मिटते.

परंतु दार उघडले की केवळ वायू आत येत नाही, आतील पाण्याची वाफही बाहेर जाते. हा खर्च लहानसहान नाही. मुळांनी शोषलेल्या १०० लिटर पाण्यापैकी ९७ लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी असे वाफ होऊन उडून जाते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. तो अगदीच वाया गेलेला पैसा नव्हे. या ओढीनेच पाणी मुळांपासून शेंड्यापर्यंत चढते आणि पान उन्हात थंड राहते. मात्र जमिनीत पाणी नसेल, तर हाच खर्च झाडाचे दिवाळे काढतो.

सारांश, पानापुढचा पेच असा. दार बंद ठेवले तर उपासमार, उघडे ठेवले तर तहान. महिन्याच्या ठरावीक पगारात शाळेची फी आणि घरभाडे यांची सांगड घालणाऱ्या गृहिणीला हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही. जगातील पानांचे जे नाना आकार आपण पाहतो, ते बऱ्याच अंशी या पेचाची निरनिराळी उत्तरे आहेत.

जसे गाव तसा हिशेब

बाभळीने पानाचे बारीक बारीक तुकडे केले. लहान पर्णिका उन्हात लवकर तापत नाही, वारा तिची उष्णता झटकन घेऊन जातो. निवडुंगाने तर पानांचे काटे करून टाकले आणि साखर करण्याचे काम हिरव्या खोडाकडे दिले. साग भले मोठे पान धरतो, परंतु पाण्याचे दिवस संपले की ते गाळून टाकतो. गाळण्यापूर्वी पानातील कामाची द्रव्ये तो खोडात परत ओढून घेतो.

कमळाला पाण्याची ददात नाही. पण त्याच्या पानाची खालची बाजू पाण्याकडे, म्हणून त्याने रंध्रे वरच्या बाजूस घेतली. त्या पृष्ठभागावर थेंब टिकत नाही, घरंगळून जातो. त्यामुळे दारे तुंबत नाहीत.

एकाच आंब्यावरही फरक दिसतो. शेंड्याकडील उन्हातली पाने लहान आणि जाड, तर आतल्या सावलीतली रुंद आणि पातळ. ज्याला ऊन कमी, त्याने सूप मोठे केले.

आपली ज्वारी आणि बाजरी यांची युक्ती तर विशेष आहे. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ साली उसाच्या पानावर काम करून ही युक्ती उलगडली. मका, ऊस, ज्वारी, बाजरी या पिकांच्या पानांत शिरांभोवती खास पेशींचे कडे असते. बाहेरच्या पेशी विरळ वायू पकडतात आणि या कड्यात दाटीने भरून देतात. त्यामुळे दार थोडेच उघडे ठेवूनही काम भागते. दुष्काळी भागाला ज्वारी-बाजरीने तारले, त्यामागे पानाच्या या काटकसरीचा वाटा आहे. त्यातही भर दुपारी पाणी कमी पडले, की ज्वारीचे पान स्वतःला गुंडाळून घेते. शेतमजुरी केलेल्या आमच्या वाचक भगिनींनी हे कितीदा तरी पाहिले असेल.

आणखी एक हुशार पान म्हणजे पानफुटी. ती दिवसाच्या उन्हात दार बंद ठेवते आणि रात्री गारव्यात उघडते. रात्री आलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवते आणि सकाळी ऊन आले, की दार लावून त्यापासून साखर करते. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या भारतातच हिची पाने चाखली. सकाळी ती आंबट लागतात आणि दुपारी आंबटपणा निघून जातो, अशी नोंद त्याने केली. ती १८१५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ही परीक्षा मुलांना मात्र करू देऊ नये. पानफुटीत विषारी द्रव्येही असतात.

पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो काय?

वस्तीत आम्ही काही मित्र मिळून संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालवतो. तेथे आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, घरी म्हणतात पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो. पुस्तकात तर ऊन लागते म्हणून लिहिलंय. मग पेपरात काय लिहू?” प्रश्न पेपरापुरता नाही, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो.

हॉलंडचे डॉक्टर यान इंगेनहाउस यांनी १७७९ सालीच दाखवून दिले, की ऑक्सिजन झाडाच्या फक्त हिरव्या भागातून आणि तोही फक्त उजेडात निघतो. अंधारात झाड आपल्यासारखाच श्वास घेते. पुढे १९४१ साली अमेरिकेतील रूबेन आणि कामेन यांच्या प्रयोगांतून दिसून आले, की हा ऑक्सिजन पाण्यातून येतो. पाणी फोडायला उजेड लागतो. रात्री उजेड नाही, म्हणून पाणी फुटत नाही आणि ऑक्सिजन निघत नाही. काही जण म्हणतात, पिंपळही पानफुटीसारखा रात्री दार उघडतो. क्षणभर तसे धरून चाला. तरी रात्री वायू आत घेतला जाईल, ऑक्सिजन बाहेर येणार नाही. पानफुटीचाही ऑक्सिजन दिवसा उजेडातच तयार होतो.

यात एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन मिळेनासा झाला, तेव्हा उत्तर प्रदेशात रुग्णांना पिंपळाखाली आणून झोपवल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या नातेवाइकांना आम्ही हसणार नाही. ज्याला सिलिंडर मिळत नाही, तो झाडाला शरण जातो. पण हिशेब मांडून पाहा. स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाला तासाला सुमारे १५ लिटर ऑक्सिजन लागतो. तळहाताएवढे पान चांगल्या उन्हात तासाला ठोकळमानाने ५ ते १० मिलिलिटर देते, म्हणजे चहाचे एक-दोन चमचे. म्हणजे एका निरोगी माणसासाठीच दीड हजार ते तीन हजार पाने हवीत, आणि तीही भर उन्हात. शिवाय ते चमचे रुग्णाच्या नाकाशी थांबत नाहीत, क्षणात वाऱ्यात मिसळतात. झाडाखालच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण तेच असते, जे रस्त्यावर असते, सुमारे २१ टक्के. ज्या रुग्णाला मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन लावायला डॉक्टर सांगतात, त्याला तासाला ३०० लिटर लागतात. ते सिलिंडरमधून किंवा यंत्रातूनच मिळतात, झाडाखाली नाही. आपण मागायचा तो दवाखान्यात ऑक्सिजन मागायचा. पिंपळाच्या नावावर ती जबाबदारी कोणी खपवू नये.

याच्या उलट टोकाची भीतीही खरी नाही. झाडाखाली रात्री झोपले तर ते गुदमरवते, असे म्हणतात. उघड्यावर हवा खेळती असते आणि झाडाच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड तेथे साचून राहत नाही. त्यापेक्षा दहा बाय दहाच्या बंद खोलीत झोपलेल्या आठ माणसांची काळजी अधिक करावी आणि खिडकी उघडी ठेवावी.

मग पिंपळाची थोरवी कमी झाली काय? मुळीच नाही. वातावरणात आज जो ऑक्सिजन आहे, तो हिरव्या पानांनी, शेवाळांनी आणि त्यांच्याही आधीच्या सूक्ष्म जीवांनी कोट्यवधी वर्षे थेंब थेंब साठवलेला ठेवा आहे. पिंपळ उन्हाळ्यात सावली देतो, पाण्याची वाफ सोडून आजूबाजूचा परिसर गार करतो, पाखरांना फळ देतो. ज्या वृक्षाखाली तथागतांना बोधी प्राप्त झाली, तो आपल्याला प्रिय आहेच. पण ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी, हा कालामांना केलेला उपदेशही त्याच तथागतांचा आहे. बोधिवृक्षाचा सन्मान खोट्या निरोपाने होत नाही.

घरी करून पाहा

खर्च काहीच नाही. झाडाच्या पानांसह एका लहान फांदीला पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि उन्हात तास-दोन तास ठेवा. आत पाण्याचे थेंब जमतील. हाच तो पाण्याचा खर्च. पाहून झाले, की पिशवी सोडवायला विसरू नका.

शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणारी पाण्यातली वनस्पती काचेच्या ग्लासात पाण्यात बुडवून उन्हात ठेवा. पानांवरून बुडबुडे निघतील. ग्लास अंधारात नेला, की ते थांबतात. चोवीस तास ऑक्सिजनच्या गप्पांना हे उत्तर पुरेसे आहे.

पिंपळाचे जून पान तीन-चार आठवडे पाण्यात भिजवा, मधून मधून पाणी बदला. भांड्यावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतील. मऊ झालेला गर जुन्या ब्रशने हलकेच काढला, की जाळी मोकळी होते. मुलाला तिच्यावर बोट फिरवून मुख्य पाइप आणि गल्लीतला नळ दाखवायला सांगा.

आपल्या मुलांना विज्ञान जमत नाही, ते शिकवणीवाल्यांचे काम आहे, असे काही पालक निराशेने बोलून दाखवतात. त्यांना आमचे नम्र सांगणे आहे, की या विषयाची प्रयोगशाळा तुमच्या चाळीच्या भिंतीवर उगवली आहे. येत्या रविवारी मुलांना घेऊन ते रोपटे मुळासकट अलगद काढा, म्हणजे भिंतही वाचेल. मग वस्तीतली एखादी मोकळी जागा पाहून ते तेथे लावा. लावण्यापूर्वी त्याचे एक पान तोडून मुलांच्या हाती द्या आणि विचारा, हे रुंद का, पातळ का, आणि याची दारे कोठे आहेत? व्याख्या मागाहून पाठ होईल.